भीमरावांच्या खुंटीवरची माळ

"तापलेल्याचं झाकण उघडायची घाई करू नये."

भीमराव हे इतक्यांदा म्हणायचे, की त्यांच्या गॅरेजला कुणी पाटी लावली असती तर तिच्यावर हेच लिहिलं असतं. पाटी कधी लागली नाही. झाशीत खंडेराव गेटच्या बाहेर, रज्जूच्या चहाच्या टपरीला लागून एक पत्र्याची शेड, तिच्यात एक बाक, एक खड्डा, आणि भिंतीवर मारुतीचं चित्र. एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत होती, तिच्यावर केस उगवत नसत. तरुणपणी एकदा झाकण उघडायची घाई केली होती, त्याची ती खूण.

त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडं आले, घोड्यांच्या पागेवर होते, असं घरात सांगत. भीमरावांना त्याचं फार कौतुक नव्हतं. "घोडे गेले, इंजिनं आली," ते म्हणायचे. "खाणं, पाणी आणि श्वास. तिन्ही बघायचं. अजून काय असतं?"

पण हे बोलण्यातही आता जोर राहिला नव्हता. म्हातारपणानं त्यांना एकदम गाठलं नाही, हळूहळू बसत गेलं, गाडीच्या चाकातली हवा बसते तसं. बाकावरून उठताना ते आधी मनात उठायचे, आणि अंग मग सावकाश मागून यायचं. मुलगी पुण्याहून फोन करायची, बाबा आता बंद करा. ते हो म्हणायचे आणि फोन खिशात ठेवून पाना उचलायचे. कामाचा कंटाळा त्यांना नव्हता. कंटाळा होता तो कामाबरोबर येणाऱ्या माणसांचा.

"गाडी कुणी आणत नाही रे," ते एकदा मला म्हणाले. "घरातलं भांडण आणतात. गाडी तापली, म्हणजे कुणीतरी तापवली. कोणी, ते काकांनी सांगायचं. मी मिस्त्री आहे का पंच?"

गावातली मराठी घरं मोजकी. सगळ्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक, आणि भीमराव सगळ्यांचेच काका. त्यांनी सांगितलं, म्हणजे झालं.

ज्येष्ठातली गोष्ट. माझं शेतातल्या पंपाचं इंजिन त्यांच्याकडं खोललेलं होतं, म्हणून मी चिरगाँवहून सकाळच्या बसनं येऊन बाकावर बसलो होतो. दहा वाजायच्या आतच पत्रा तडतडायला लागला. तेवढ्यात एका ट्रॅक्टरनं दोरानं ओढत एक पिकअप आणली. गव्हाची पोती तशीच भरलेली. स्टिअरिंगवर जयदीप, आणि ट्रॅक्टरमागून ई-रिक्षात इंदू.

इंदूचा नवरा वारला, तेव्हा आलेल्या पैशातून तिनं ही पिकअप घेतली. मऊरानीपूरच्या धान्यबाजारातून झाशीच्या मंडीत माल आणायचा, हा तिचा धंदा. बाई हिशोबाची चोख आणि जिभेची तिखट. जयदीप तिच्या दिराचा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडलं, मोबाइलच्या दुकानात टिकला नाही, कुरिअरमध्ये टिकला नाही. मग काकूनं गाडीची किल्ली हातात दिली, आणि तिथं मात्र तो टिकला. पहाटे उठू लागला. गाडी धुऊ लागला. लोक त्याला जयदीप भैया म्हणू लागले.

महिन्याभरात गाडी दोनदा रस्त्यात उकळली. दुसऱ्यांदा उकळली ती काल, आणि काल संध्याकाळीच गणपतीच्या देवळात चतुर्थीची आरती होती. आरती संपली आणि इंदूनं सगळ्यांदेखत हात पुढं केला. "दे ती किल्ली. इंजिन जाळशील माझं." त्यानं दिली. आज फक्त ट्रॅक्टरमागून ओढत आणायची, म्हणून स्टिअरिंग धरायला त्याला बसवलं होतं.

इंदू खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, एवढंच सांगा. यानं पाणी न बघता पळवली का नाही? पळवली असेल तर मी दुसरा ड्रायव्हर बघते. उद्यापासून."

"पाणी देखा था, काका," जयदीप म्हणाला. मराठी त्याला सगळी समजायची, पण तोंडातून हिंदीच यायची. "रोज देखता हूं. गणपती की कसम."

"त्याला मध्ये आणू नकोस. त्याच्याच समोर किल्ली गेलीय तुझी."

रज्जू टपरीतून हसला. "काय दद्दा, आज फिर कचहरी लगी?"

भीमराव हसले नाहीत. "बसा," ते म्हणाले. "तापलेल्याचं झाकण उघडायची घाई करू नये. आधी डोकी थंड होऊ देत." आणि स्वतः डोळे मिटून बाकावर बसले.

बराच वेळ गेला. मग ते उठले. पुढचं बॉनेट वर केलं, आणि थबकले. रेडिएटरच्या तोंडाशी हिरवी जाळी बांधलेली होती, काठाला व्यवस्थित टाके घातलेले.

"ही काय?"

"भूसा रोकने के लिए. मंडी में बहुत उडता है. जाली में फंस जाता है."

इंदू पुढं झाली, जाळी बोटांत धरून पाहिली, आणि तिचा आवाज चढला. "ही माझी मच्छरदाणी! मी धोब्याला बोल लावला हिच्यासाठी! बघितलंत काका? वाराच बंद केला यानं गाडीचा. तापेल नाही तर काय होईल?"

जयदीपचा चेहरा पडला. खरोखरच त्यानं हा विचार केला नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जसं काही मला उत्तर माहीत असावं. भीमरावांनी टाके कापून जाळी काढली, घडी घालून इंदूच्या हातात दिली. मागं रेडिएटरच्या बारीक पत्र्या लख्ख होत्या. एका फटीत भुशाचा कण नव्हता. ते त्यांनी पाहिलं. झाकण उघडलं, पाणी भरलं.

"लाव."

गाडी सुरू झाली. भीमरावांनी पंख्याचा पट्टा बोटानं दाबून पाहिला. तेलाची काडी काढून बोटावर तेल चोळलं. तेल काळंच होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी गेलेलं नव्हतं. पाण्याच्या तोंडावर वाकून बुडबुडे येतात का ते बघितलं. नव्हते येत. इंजिनाचं डोकं शाबूत होतं. मग झाकण लावून जयदीपला म्हणाले, "पोती आहेतच. रेल्वेच्या पुलावर चढवून आण. काटा लाल व्हायला लागला की परत फीर." आणि स्वतः कण्हत शेजारी बसले. "इंदू, तूही बस मागं. नाहीतर म्हणशील, दोघांनी मिळून ठरवलं."

पूल लांब नाही. ते परत आले तेव्हा काटा लालच्या काठाला टेकला होता. जाळी निघूनही गाडी तापलीच होती. इंदू नुसती मच्छरदाणीची घडी उलटसुलट करत राहिली.

भीमराव खाली वाकले. रेडिएटरला वरून येणाऱ्या पाइपावर त्यांनी क्षणभर बोट टेकवलं आणि खालच्यावर पंजा ठेवला. पंजा तसाच राहिला. एवढ्या तापलेल्या गाडीच्या पाइपावर हात ठेवून माणूस उभा राहू शकत नाही. ते उभे राहिले.

"कोमट," ते म्हणाले. स्वतःशीच.

पाणी इंजिनात उकळत होतं, आणि थंड व्हायला जिथं जायचं तिथं पुरेसं जातच नव्हतं. मग ते पाणी फिरत कुठं होतं?

माझ्या लक्षात काही आलं नाही. इंदूच्याही नाही. पण भीमरावांनी मान वळवली आणि मारुतीच्या चित्राखालच्या खुंटीकडं पाहिलं. तिथं तारेत ओवलेली माळ टांगलेली होती, पितळेच्या चकत्यांची, प्रत्येकीला चिंधी बांधलेली, चिंधीवर गाडीचा नंबर.

ही माळ सांगायला हवी. इंजिनातून रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. पाणी थंड असताना तो मिटलेला, पाणी तापलं की उघडतो. म्हणजे वाटेवरचं दारच. आता झाशीचा उन्हाळा असा, की किल्ल्याचा दगड मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. या उन्हात दार हवं कशाला, म्हणून आमच्याकडं रीतच पडली. पाडव्याला गुढी उभारायची, आणि एकदोन दिवसांत गाडी काकांकडं नेऊन दार काढून घ्यायचं. दिवाळीनंतर थंडी पडली की परत बसवायचं. भीमरावांचे वडील हे करत, भीमराव करत आले. जुन्या गाड्यांना त्यानं काही बिघडत नसे. उन्हाळाभर ती दारं माळेत लटकायची, वाऱ्यावर किणकिणायची. येणारीजाणारी म्हणायची, काकांनी मारुतीला माळ घातलीय.

भीमराव खुंटीपाशी गेले. माळ उतरवून मांडीवर घेतली आणि एकेक चिंधी वाचत सरकवू लागले. एकापाशी थांबले. इंदूच्या गाडीचा नंबर. तो व्हॉल्व्ह इतरांसारखा नव्हता. खाली स्प्रिंग, आणि स्प्रिंगखाली आणखी एक तबकडी.

ती तबकडी त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"रज्जू," मग ते म्हणाले, "पातेल्यात पाणी उकळ."

"काय दद्दा, अब चाय में पुर्जा उबालोगे?"

"हो. साखर कमी घाल."

टपरीच्या शेगडीवर पातेलं चढलं. व्हॉल्व्ह तारेनं पाण्यात सोडला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पाणी कढायला लागलं तशी वरची चकती हळूच उघडली, आणि तिच्याबरोबर खालची तबकडी पुढं सरकली.

"बघ इंदू," भीमराव म्हणाले. आवाज अगदी सपाट होता. "वरचं दार उघडलं की पाणी थंड व्हायला रेडिएटरकडं जातं. आणि त्याच वेळी हे खालचं दार दुसरी वाट बंद करतं. ती आखूड वाट. तिच्यातून पाणी तापलेलं तसंच परत इंजिनात येतं. जुन्या गाड्यांना ही भानगड नव्हती. तुझ्या गाडीला आहे. मी व्हॉल्व्ह काढला, तेव्हा दोन्ही वाटा उघड्या राहिल्या. पाणी आपल्यासारखंच. दोन वाटा दिल्या की जवळची धरतं."

"म्हणजे..." इंदू म्हणाली.

"म्हणजे यंदा पाडव्याला तू पहिल्यांदा गाडी आणलीस, हा बाकावर बसून चहा पीत होता, आणि मी व्हॉल्व्ह काढला. हातात दोन तबकड्यांचा आलाय, हे बघितलंसुद्धा नाही. ओवला माळेत. गाडी यानं नाही तापवली. मी तापवली."

टपरीवरचं पातेलं तेवढं खदखदत होतं.

"असू द्या हो काका," इंदू घाईनं म्हणाली. "व्हॉल्व्ह तर सगळेच काढतात झाशीत. तुमची काय चूक? उन्हाळाच असा आहे."

"मघाशी उन्हाळ्याचं नाव नाही घेतलंस. मघाशी याचं घेतलंस."

जयदीप बॉनेटच्या पलीकडं उभा होता. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. तो जाळीचे कापलेले दोरे एकेक करून वेचत होता, बस्स.

भीमरावांनी व्हॉल्व्ह बसवला. नवीन वॉशर कापला, बोल्ट आवळले, पाणी भरलं. शेवटचा बोल्ट आवळताना त्यांचा पाना घसरला, तेव्हा जयदीपनं पुढं होऊन तो धरला. त्यांनी धरू दिला. पुन्हा पुलावर गाडी चढली, पुन्हा परत आली. काटा मधोमध उभा होता. इंदूनं खिडकीतून डोकं आत घालून तो पाहिला.

"काका, ही किल्ली..." ती म्हणाली.

"घेतलीस कुठं?"

"देवळात."

"मग आज त्याला गाडी पोचवायला दे, पण खरी किल्ली पुढच्या चतुर्थीला दे. आरती झाल्यावर. जेवढे लोक घेताना होते, तेवढे देताना असू देत. मी येतो. माझं मी बोलेन."

"तुम्ही कशाला बोलायचं? लोक काय म्हणतील, भीमरावकाकांच्या हातून..."

"म्हणू देत. इतकी वर्षं मी लोकांच्या पोरांचं सांगत आलो. एकदा माझं सांगतो."

इंदूनं पदराच्या गाठीतून किल्ली सोडली. जयदीपच्या हातात देताना म्हणाली, "जाळी पुन्हा बांधायची असली तर मला सांग. जरा विरळ विणीची देते. माझी मच्छरदाणी नाही."

"हां, काकू," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, जीभ चाचपडत, "बरं."

मला वाटलं, आता भीमराव बाकावर आडवे होतील. चेहरा तसाच झाला होता, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. पण ते पुन्हा माळ घेऊन बसले. चिंध्या सरकवत गेले, आणि जिथं खाली दुसरी तबकडी दिसली तो व्हॉल्व्ह तारेतून काढून बाजूला ठेवत गेले. दोन-तीन निघाले. ते त्यांनी गमछ्यात बांधले, दुसऱ्या टोकाला पाना बांधला, उरलेली माळ खुंटीवर अडकवली, आणि गमछा खांद्यावर टाकला.

"कुठं निघालात या उन्हात?" मी विचारलं.

"मऊरानीपूरला, दुपारच्या बसनं. तिथल्या मुकुलच्या गाडीचा आहे यात एक. त्याच्याकडंही कुणी ड्रायव्हर असेलच, शिव्या खात."

"फोन कर दो ना, काका," जयदीप म्हणाला.

"फोनवर दार बसत नाही."

"तो मैं छोड देता हूं. उधर ही तो..."

"तुझी पोती मंडीत जायची आहेत. ती पोचव आधी. लोक वाट बघतायत." त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "तुझ्या पंपाचं उद्या. आज जीव नाही माझ्यात."

आणि ते निघाले. माळेतले उरलेले व्हॉल्व्ह खुंटीवर हलत होते. ऊन इतकं पांढरं, की रस्त्याकडं बघवत नव्हतं. भीमराव भिंतीच्या कडेनं, बोटभर सावली धरून चालले होते. दर थोड्या अंतरावर थांबत, गमछा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. इंदू डोक्यावर पदर ओढून टपरीत उभी होती. पातेल्यातलं पाणी फेकायचं विसरून रज्जूही तिकडंच बघत होता.

जयदीप गाडीत बसला होता. गाडी सुरू होती, काटा मधोमध होता, पण त्याची नजर काट्यावर नव्हती. समोरच्या काचेतून तो त्या म्हाताऱ्याकडं पाहत होता. भीमराव गेटच्या कमानीखाली शिरले आणि तिथल्या अंधारात दिसेनासे झाले, तेव्हा कुठं त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.