काळे सरांचं नाव

चारचौघांत मी फारसा बोलत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. पण किस्से साचतात ते न बोलणाऱ्याकडेच. बोलणारा त्याच दिवशी चहाच्या टपरीवर सांगून मोकळा होतो. मी चार वर्षं रविवारच्या प्रार्थनेत मागच्या भिंतीला टेकून बसलो आणि जे ऐकलं ते सगळं माझ्याजवळच पडून राहिलं.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे खामगावात एका पिठाच्या गिरणीमागची खोली, दोन सतरंज्या आणि पंधरा-वीस माणसं. आमचे पास्टर आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. अजूनही उपदेश करता करता मधेच हात पँटला पुसतात. येशूने जीव दिला तो सर्वांसाठी, तारण सर्वांना आहे, हे ते दर रविवारी सांगत आणि आम्ही माना हलवत असू.

एका रविवारी ते थांबले. म्हणाले, "सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?"

"सर्वांसाठी," आम्ही म्हणालो.

"असं ढोबळ नाही चालत. नट बसते का नाही ते लावल्याबिगर समजत नाही. एकेक नाव घ्या."

तेव्हापासून आमच्यात रिवाज पडला. प्रार्थना संपताना ज्याला वाटेल त्याने उठून एक वाक्य म्हणायचं, 'देवाचं दार अमक्याले उघडं हाये.' अमक्याच्या जागी खरं नाव. आणि नाव अशा माणसाचं, ज्याला आपण स्वतःच्या दारात उभं करणार नाही.

मी घ्यायचं नाव पहिल्या दिवशीच ठरलं होतं. काळे सर. ते आम्हाला आठवीला मराठी शिकवायचे. मी बोलताना अडखळतो, 'क' आला की तर घशातच बसतो. सर मलाच उभं करून धडा वाचायला लावायचे. मी अडकलो की वर्गाला म्हणायचे, "गाडी बंद पडली, धक्का द्या रे." सगळा वर्ग हसायचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेलोच नाही. आता ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करतो. तिथे बोलावं लागत नाही.

नाव ठरलं, पण तोंडातून निघेना. दर रविवारी मी दुसरंच कुणाचं तरी नाव घ्यायचो आणि घरी जाताना ठरवायचो, पुढच्या रविवारी नक्की.

*

लीलाबाई भाजी विकतात. त्यांनी पहिल्याच रविवारी उठून सांगितलं, "देवाचं दार आमच्या वंदनाले उघडं हाये."

वंदना म्हणजे त्यांची सून. ती त्यांच्याच शेजारी बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "देवाचं दार आमच्या सासूबाईले उघडं हाये."

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. दोघी एकाच रिक्षाने यायच्या, एकमेकींची नावं घ्यायच्या आणि एकाच रिक्षाने जायच्या. सहाव्या रविवारी पास्टर म्हणाले, "लीलाबाई, आता दुसरं कोणी पाहा ना."

"थांबा जरा," लीलाबाई म्हणाल्या. "हिचं अजून पक्कं नाही झालं."

वंदना खाली बघत म्हणाली, "माह्यापाशी वेळ हाये."

*

वानखडे साहेब एका सरकारी ऑफिसातून कारकून म्हणून रिटायर झाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत नियम विचारायची सवय. ते उठले आणि म्हणाले, "देवाचं दार आमच्या हापिसातल्या साऱ्याइले उघडं हाये, बडे बाबू सोडून."

पास्टर म्हणाले, "सोडून चालत नाही."

"तुम्ही बडे बाबूले पाह्यलं नाही म्हणून म्हणता."

"नाही पाह्यलं. पण देवानं तर पाह्यलं असन."

वानखडे साहेब विचारात पडले. म्हणाले, "पास्टर, दार उघडं असणं वेगळं, अन् माणूस आत येणं वेगळं. बडे बाबू यायचेच नाहीत."

"यायचं का नाही ते त्याइचं त्याइनं पाहावं. आपण आपल्या हातानं कडी लावाची नाही, बस."

पुढच्या रविवारी वानखडे साहेबांनी बडे बाबूंचं नाव घेतलं. घेतलं म्हणजे असं, "देवाचं दार बडे बाबूले उघडं हाये, फक्त त्याइनं दुसऱ्या खोलीत बसावं."

पास्टरांनी ते मंजूर केलं नाही. ती दुसरी खोली काढून टाकायला वानखडे साहेबांना पुढचे तीन रविवार लागले.

*

आमच्या खोलीची आणि गिरणीची भिंत एकच. गिरणीवाले काका आमच्यातले नाहीत. ते सकाळी दुकानातल्या गणपतीला अगरबत्ती लावतात आणि गिरणी सुरू करतात. आम्ही गाणी म्हणतो, ते ज्वारी दळतात. कुणाची कुणाला हरकत नव्हती.

एके रविवारी नावं चालू असताना गिरणी मधेच बंद झाली आणि काका आमच्या दारात आले. भुवयांपर्यंत पीठ. आम्हाला वाटलं, आवाजाची तक्रार असेल. पास्टर उठून उभे राहिले.

काका म्हणाले, "एवढे महिने झाले, मी भिंतीपल्याडून ऐकून राह्यलो. चोर झाले, दारूवाले झाले, हापिसातले झाले. माहं नाव काऊन नाही घेत कोणी?"

पास्टर चाचरत म्हणाले, "काका, आम्हाले ज्याइचा राग येते त्याइचं नाव घेतो आम्ही. तुमचा कोणाले रागच नाही."

"म्हणजे दारासाठी आधी भांडावं लागते का तुमच्याशी?"

पास्टरांनी हात पँटला पुसले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काकांचं नाव घेतलं. काका शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक हाये." मग जाऊन त्यांनी गिरणी सुरू केली.

*

मग एका रविवारी मी सरांचं नाव घ्यायला उठलोच. आदल्या रात्रीपासून मनात वाक्य घोकत होतो. म्हणालो, "देवाचं दार क... क..."

पुढे काही निघेना. खोलीत कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांना माझी मदत करायची होती.

"काशीराम?" लीलाबाईंनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"कमल?" वंदना म्हणाली.

"कलेक्टर?" वानखडे साहेब म्हणाले.

"माणसाचं नाव पाह्यजे, साहेब," पास्टर म्हणाले.

"कलेक्टर माणूस नाही का?"

"कैलास?" मागून कुणीतरी विचारलं.

माझे कान तापले होते. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. मी मान डोलावली. सगळ्यांना बरं वाटलं. सगळे एका सुरात म्हणाले, "देवाचं दार कैलासले उघडं हाये."

नंतर चपला घालताना पास्टरांनी विचारलं, "कोण हा कैलास?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

पास्टर म्हणाले, "असू दे. असनच कुठं ना कुठं. त्यालेही उघडंच हाये."

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. अडखळलो याची नाही. एवढ्या लोकांनी दार धरून ठेवलं होतं आणि मी भलत्याच माणसाचं नाव सांगून बसलो, याची. मी पास्टरांना म्हणालो, "मी सराच्या घरीच जातो. त्याइच्यासमोरच म्हणतो."

"म्यां तुले जा म्हटलं नाही."

"हाव. मीच चाललो."

*

काळे सर रिटायर होऊन धामणगाव बढे या गावी राहतात. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मी बसने गेलो. सर ओसरीवर खुर्ची टाकून तुरीतले खडे निवडत होते. केस सगळे पांढरे झालेले. मी फाटकातच उभा राहिलो.

"कोण बे?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते सांगायलाच इतका वेळ लागला की सरांनी ओळखलं.

"तो अडकणारा?"

"हाव."

"काय काम काढलं?"

मी म्हणालो, "एक वाक्य सांगाचं हाये, सर."

आणि सुरू केलं. देवाचं दार इथपर्यंत ठीक झालं. मग 'काळे' आलं. समोरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, मग शेळ्या गेल्या. मी थांबलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी पुरं झालं. "देवाचं दार काळे सराले उघडं हाये." तोवर सर सुपातल्या तुरीतले खडे निवडत राहिले.

मग म्हणाले, "मले नाही पाह्यजे. मले माहा देव हाये. रोज पूजा करतो मी."

"'या' असं नाही म्हणत, सर. उघडं हाये, येवढंच सांगाचं होतं."

"कोणी पाठवलं तुले?"

"मीच आलो, सर."

सरांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "माह्यावर राग नाही तुहा?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "हाये," मी म्हणालो.

"राग हाये, तरी उघडं?"

"दार माहं नाही ना, सर."

तेवढ्यात आतून काकू पाणी घेऊन आल्या. सरांच्या पत्नी. त्यांना ऐकायला फार कमी येतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी सरांना विचारलं, "कोण आलं? काय म्हणून राह्यला हा?"

"विद्यार्थी हाये जुना!" सर त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "म्हणते, देवाचं दार मले उघडं हाये!"

"काय?"

"देवाचं दार! मले! उघडं हाये!"

शेजारची बाई भिंतीवरून डोकावून बघायला लागली. काकूंनी पाण्याचा गिलास माझ्या हातात दिला. जरा विचार केला. मग मला विचारलं, "अन् मले?"

मी तोंड उघडलं. काकू म्हणायचं होतं. 'क' बसला घशात. त्या माझ्या ओठांकडे बघत उभ्या राहिल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. माझ्या तोंडातून शब्द निघेल म्हणून बराच वेळ थांबले. मग मांडीवरचं सूप खाली ठेवलं, खुर्चीचा हात धरून उठले, त्यांच्या कानाशी वाकले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "तुलेही हाये म्हणते! तुलेही!"