उंबऱ्याच्या तीन विटा

भट्टीला हात लावण्याआधी, ती दुरुस्त करायला येणारे मिस्त्री स्वतःची नखं तपासायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "अहो, तुम्ही लांब. आणखी लांब."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. कसबा पेठेत माझं एवढंसं वर्कशॉप. छिन्न्या, पंच असली हत्यारं विजेच्या छोट्या भट्टीत तापवून कडक करून देतो. भट्टीला आतून उष्णता धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या विटा असतात. नावालाच वीट, नख लागलं की ओरखडा, कोपर टेकलं की चुरा. "पापड समजा," मिस्त्री म्हणायचे. पापडही माझ्या हातून कधी अख्खा पानापर्यंत पोचलेला नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कौतुकसुद्धा टोमण्यातूनच करणारी. वीस वर्षांत माझ्या वाट्याला ते एकदाच आलं. "आज काही मोडलं नाहीत. आजारी आहात का?"

गेल्या खंडेनवमीला मी भट्टीला हार घातला आणि भक्तीच्या भरात नारळ तिच्याच उंबऱ्यावर फोडला. पाणी विटांनी पिऊन टाकलं. मी वरून फडकं फिरवलं आणि मुहूर्त म्हणून लगेच भट्टी पूर्ण आचेवर लावली. आतल्या ओलीची वाफ झाली, तोंडाशी तीन विटा तडकल्या.

मिस्त्री विश्रांतवाडीहून सहा नव्या विटा घेऊन आले. वाकून पाहिलं.

"नारळ?"

"हो."

"पेढा नाही कोंबलात, नशीब."

जुन्या विटा काढून त्यांनी नवी उचलली. कोपरा झडला. मला हसूच येणार होतं. दुसरी उचलली, तीही गेली. तेव्हा दिसलं, त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार," ते म्हणाले. "बाकीची कामं सोडली. म्हटलं, तुमच्याकडे जमेल. तुमच्याकडे मोडलेलं खपतं."

मग उरलेल्या विटा त्यांनी माझ्याकडे सरकवल्या. "तुम्ही बसवा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

पहिली मी फोडलीच. ते काही बोलले नाहीत. वीस वर्षं ज्या बोलण्याला वैतागलो, ते त्या दिवशी हवं होतं. आता उरल्या बरोबर तीन.

"श्वास सोडा, मग उचला. दाबू नका."

तिन्ही बसल्या. कशा, मला विचारू नका. शाबासकीसाठी मागे वळलो, तर मिस्त्री डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरून बसलेले. भट्टीकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते.

मी खोटंच बोललो. "मधली जरा वाकडी बसलीय. पुढच्या आठवड्यात येऊन बघा ना."

"सरळ आहे," ते म्हणाले. वाकूनही पाहिलं नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. भट्टी व्यवस्थित चालते. परवा न राहवून फोन केला.

"या ना मिस्त्री. काम नका करू. नुसते बसा."

"बसायला घरी खुर्ची आहे."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.