पन्ह्याची शेवटची बाटली

बायकोच्या हातचं घरात जे शेवटचं उरलं होतं, ते मी पर्यावरण वाचवण्यासाठी मोरीत ओतलं. ओतता ओतता शेजारी उभ्या असलेल्यांना त्यावर छोटंसं व्याख्यानही दिलं.

आम्ही कॅनडात ग्वेल्फला राहतो. ‘आम्ही’ म्हणायची सवय अजून गेली नाही. राहतो मी एकटाच. मुलगी व्हँकुव्हरला नोकरी करते. आमच्या घरापासून दीडेक तासाच्या ड्राइव्हवर द्राक्षमळे आहेत आणि त्यातल्या एका मळ्यात जुन्या धान्यकोठाराचं वाइनघर केलेलं आहे. खाली लाकडी पिंपं आणि द्राक्षं पिळायची जुनी यंत्रं मांडून ठेवलीत, वर गाण्याबजावण्यासाठी छोटा रंगमंच, भिंतींवर आसपासच्या चित्रकारांची चित्रं. रिटायर झाल्यावर मी तिथे व्हॉलंटियर झालो. वाइनमधलं मला कळतं असं नाही. लाल असो, पांढरी असो, मी एक घोट घेऊन ‘फ्रूटी’ म्हणतो आणि अजून कुणी मला हटकलेलं नाही. त्यांच्या ग्रीन कमिटीच्या मीटिंगला चीज उत्तम असतं, हे खरं कारण.

बायको दारूच्या थेंबाला न शिवणारी. पहिल्यांदा मी तिला आग्रह करून नेलं तेव्हा ती आत आलीच नाही, मळ्यात फिरत बसली. ऐन उन्हाळा होता. मजूर वेलींवरचे हिरवे, कोवळे घड छाटून जमिनीवर टाकत होते. उरलेल्या घडांना रस मिळावा म्हणून तसं करतात, हे मला नुकतंच कमिटीत समजलं होतं, म्हणून मी ते लगेच तिला समजावून सांगितलं. तिने ऐकलं नाही. ती खाली वाकून घड उचलत होती.

“अहो, हे काय चाललंय? एवढं आंबट, एवढं ताजं, आणि हे लोक तुडवतायत?”

“खत होतं त्याचं.”

“खत व्हायला पानं आहेत की. गाडीची डिकी उघडा.”

डिकीत विंटर टायर होते. वसंतात काढलेले, बेसमेंटमध्ये नेऊन ठेवायचे राहिलेले. त्यावर तिने तिची ओढणी पसरली आणि घड भरले. घरी येऊन कैरीचं करतात तसंच उकडलं, गाळलं, त्यात गूळ घातला, वेलची घातली, केशराच्या काड्या घातल्या. ते घट्टसर पन्हं ती वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची. पाणी घातलं की रंग अस्सल पांढऱ्या वाइनचा.

कमिटीत मी ती बाटली ‘माझा उपक्रम’ म्हणून मांडली. सांगायला लाज वाटते, पण टाळ्याही घेतल्या. मॅनेजरबाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला: हे कोण पिणार? उत्तर माझ्यासोबत आलेल्या बायकोने दिलं. तिच्या इंग्रजीत, पण ठाम. तुमच्याकडे गाणं ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ग्लास असतो. जो पीत नाही, त्याच्या हातात पाणी असतं, आणि संध्याकाळभर लोक त्याला विचारत राहतात, का बरं? त्याला एक टेबल द्या.

तसं ते टेबल सुरू झालं. महिन्यातून एका रविवारी, खिडकीपाशी. गाडी चालवणारे, पोटुशा बायका, नवीनच देशात आलेली माणसं, आणि दारू सोडलेली माणसं. सोडलेल्यांत एक काका होते. अलिबागकडचे, बेने इस्रायली ज्यू, तरुणपणापासून टोरोंटोत राहिलेले आणि आता लेकाच्या घरी आमच्या बाजूला आलेले. कोकणी हेल जसाच्या तसा. आमच्या गावांत वाइन कुठली मिळायला, म्हणून शुक्रवारच्या प्रार्थनेला मनुका भिजवून त्याचं सरबत करायचो, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बायकोला सांगितलं. “मग मधेच मला खरी वाइन सापडली, वहिनी, आणि मी बराच काळ प्रार्थनेशिवायच प्यायलो.” एवढंच ते म्हणाले. बायकोने पुढे काही विचारलं नाही, ग्लास भरून दिला. तेव्हापासून ते दर महिन्याला त्या टेबलावर. कधी मनुकांच्या सरबताची बाटली घेऊन यायचे आणि पन्ह्याची घेऊन जायचे.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बायको आजारी होती. तरी तिने बेसमेंटच्या किचनमध्ये खुर्ची मांडून पन्हं केलं. म्हणजे ती बसली, ढवळलं मी. गूळ किती, विचारलं तर म्हणाली, “घाला, मी सांगते थांबा कधी म्हणायचं ते.” आणि थांबा म्हणाली. किती पडला होता ते मी पाहिलं नाही. ती सांगतेय तोवर पाहायची गरज काय, असं माझं साधारण तीस-पस्तीस वर्षांचं धोरण.

नोव्हेंबरात ती हॉस्पिटलमध्ये होती. मुलीशी फोनवर बोलताना म्हणाली, “ये तू. एक बाटली ठेवलीय तुझ्यासाठी. त्या टेबलावर बसून उघडू.” मुलगी निघाली. मधे बर्फामुळे विमान अडकलं. ती पोचली तेव्हा उघडायला आई नव्हती.

बाटली बेसमेंटच्या जुन्या फ्रिजमध्ये राहिली. परत जाताना मुलगी विमानतळावर मला म्हणाली, “बाबा, डोन्ट टच इट. वर्षाला मी येईन, तेव्हा आपण तिथे जाऊन उघडू. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं. माझी प्रत्येक घोडचूक मनापासूनच झालेली असते.

बायकोच्या मागे टेबल चालू होतं, पण त्यावर आता पुठ्ठ्याच्या खोक्यातला द्राक्षाचा रस असायचा. लोक हळूहळू यायचे थांबले. काका यायचे, पाण्याचा ग्लास घेऊन बसायचे. आणि मी दुःखावर उपाय म्हणून कामाला लागलो होतो. घरी बसवत नव्हतं. ग्रीन कमिटीत ‘बाटली परत आणा’ मोहीम निघाली, तेव्हा मी सगळ्यात मोठ्यांदा हात वर केला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज मेसेज टाकला. बाटली फोडून वितळवण्यापेक्षा धुऊन पुन्हा भरणं किती शहाणपणाचं, यावर मी फोनवरदेखील बोलायचो, समोरचा जेवत असला तरी. लोक कंटाळून बाटल्या आणून देऊ लागले. मग वाटलं, स्वतःच्या घरातल्या आधी द्यायला हव्यात. बेसमेंटमध्ये गेलो, शेल्फवरच्या काढल्या, मागच्या कोपऱ्यातल्या काढल्या, फ्रिज उघडून त्यातल्याही काढल्या. बायको जुनी लेबलं कधी खरवडायची नाही. “पाणी फुकट जातं,” म्हणायची. पन्ह्याच्या बाटलीवर कुठल्याशा वाइनचं लेबल तसंच होतं.

ती बाटली हातात घेताना मी फोनवर मोहिमेबद्दल बोलत होतो.

वाइनघराच्या मागच्या बाजूला आम्ही बाटल्या धूत होतो. मी, काका, आणखी दोघं. बऱ्याच बाटल्यांत तळाशी काही ना काही असायचं, ते ओतायचं आणि मग विसळायचं. एका बाटलीचं बूच काढलं तर फुस्स झालं. मी वास घेतला. माझ्यातला जाणकार जागा झाला.

“हे बघा,” मी इंग्रजीत म्हणालो, “ही कुणीतरी घरी केलेली दिसतेय. फ्रूटी. आणि शेवटी वेलचीची छटा. करणाऱ्याचं नाक चांगलं आहे.” असं म्हणत मी ती तिरकी केली आणि ओतू लागलो. आंबूस, सोनेरी धार. मला ती सुंदरही वाटली.

काकांच्या हातातली बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“अहो,” ते मराठीत म्हणाले. “अहो, काय करताय? वहिनींचं आहे ते.”

माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. डोक्यात शिरेपर्यंत आणखी धार गेली. मग काकांनी बाटली माझ्या हातून ओढूनच घेतली. मोरीच्या जाळीवर केशराची एक काडी अडकली होती. मी ती बोटाने काढायचा प्रयत्न केला, तर तीही आत गेली.

मी तिथून उठून मळ्यात गेलो. हंगाम संपला होता, वेलींवर पानं नव्हती. परत आलो तोवर सगळ्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. आपली कुठली, मी ओळखू शकलो नाही. काकांना विचारायची हिंमत झाली नाही.

मुलीला फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी ग्रोसरीत गेलो. हिरवी द्राक्षं आणली. ती गोड, म्हणून लिंबू पिळलं. ब्रॅम्पटनच्या देशी दुकानात जाऊन चांगला गूळ आणला. घालायला लागलो आणि ‘थांबा’ म्हणायला कुणी नव्हतं. मी घालतच गेलो. काकांना चाखायला दिलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

“खोकला झालाय का तुम्हाला?”

“नाही, का?”

“मग हे कशाला केलंत?”

तरी मी ते बाटलीत भरलं. दुसरं काय करणार होतो?

मुलगी आली. वर्षश्राद्ध घरी झालं, आणि रविवारी आम्ही वाइनघरात गेलो. मॅनेजरबाईंनी खिडकीपाशी पांढरं कापड घातलं होतं, त्यावर फुलं. ज्यांनी यायचं सोडलं होतं त्यातले बरेच जण आले होते. एक बाई तर कडेवर बाळ घेऊन आली. ते बाळ पोटात असताना ती याच टेबलावर बसायची. मुलगी सगळ्यांशी हसून बोलत होती, आणि दर थोड्या वेळाने माझ्या पिशवीकडे बघत होती.

मी बाटली काढली. ग्लास भरला. तिने तो दोन्ही हातांत धरला, नाकापाशी नेला आणि तशीच थांबली. प्यायलीच नाही.

“बाबा.”

“काय गं?”

“व्हेअर इज इट?”

मी तोंड उघडलं. वाटेत गाडीत मी एक मोठं, समजूतदार वाक्य तयार केलं होतं. ते आलं नाही. “बाटल्यांबरोबर गेलं,” एवढंच आलं. “मी धुतलं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि ग्लास टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. “आय वॉज लेट,” ती म्हणाली, माझ्याशी नव्हे. “शी वेटेड, अँड आय वॉज लेट. मला फक्त तेवढं एक हवं होतं.” लहानपणापासून मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी. शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं.

काका उठले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक औषधाची छोटी बाटली काढली आणि मुलीसमोर ठेवली.

“तळाशी एवढंच उरलं होतं. माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं. बाबांना सांगितलं नाही मी. त्यांनी पुन्हा धुतलं असतं.”

मुलीने झाकण काढलं. वेलचीचा वास आमच्या टेबलापुरता पसरला. तिने एक स्वच्छ ग्लास घेतला, ते सगळं त्यात ओतलं, थोडं पाणी घातलं. काकांकडे ग्लास आधी नेला.

“मला नको गो बाय,” काका म्हणाले. “ते आंबलंय. वर्षभर राहून चढलंय थोडं. वास घेतला तेव्हाच कळलं मला. तू पी.”

म्हणजे ते महिनाभर त्यांच्या घरात होतं. रोज फ्रिजमधून दूध काढताना समोर.

मुलगी प्यायली. हळूहळू, मधे थांबत. “टू मच वेलची,” ती म्हणाली. “अॅज युज्वल.” आणि मग तिला रडू आवरेना. ती बाळवाली बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी माझं पन्हं कुणी घेतंय का बघत होतो. कुणी घेत नव्हतं.

तिने रिकामा ग्लास खाली ठेवला, तेव्हा मी तो उचलला. तळाला ओल होती. मी बोट फिरवून चाटलं. आंबट, गुळाचं, आणि मागून काहीतरी झिणझिणतं. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माझ्या बायकोने जाता जाता वाइन करून ठेवली होती. मला हसू आलं, आणि ते हसू नीट बाहेर आलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी काकांकडे वळलो.

“बघा, म्हणजे मी त्या दिवशी म्हणालो ते खरंच होतं. वाइनच होती ती. मी वासावरून ओळखली.”

काकांनी आपला पाण्याचा ग्लास उचलला.

“वाइन बरी ओळखलीत,” ते म्हणाले. “बायकोचा हात तेवढा ओळखता आला नाही.”