फ्यूज माझ्या खिशात होता!

आमच्या घरात विजेचं काम मी एकदाच केलं, आणि ते अगदी नियमाने केलं. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही!

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची चवथ. मयेतलं आमचं घर मोठा भाऊ आणि मी वाटून घेतलेलं. चुली दोन, मीटर दोन, गणपती मात्र एकच. नेमकं आदल्या दिवशी गणपतीच्या खोलीतल्या दिव्याचं बटण जळलं. वायरमन कोल्हापूरकडचा, सणाला गावी निघालेला. म्हणाला, "चवथ झाली की येतो."

"म्हणजे उद्या देवाला काळोखात बसवायचं?" मी गरजलो. "गोव्याने आपलं राज्य मिळवलं, आणि मी एका बटणासाठी लोकांच्या मिनतवाऱ्या करू? देव येईल तो लखलखाटात!" (हे वहिनीलाही ऐकू गेलं. आता माघार शक्य नव्हती.)

"अवो, हात लावूंक नाकात!" बायको कळवळली.

मी माझ्या मीटरचा फ्यूज काढला आणि सगळ्यांना दाखवून खिशात टाकला. खोलीतला पंखा गरगरत थांबला.

"बघ! पंखा मेला, वीज मेली!"

रबरी चपलाही मुद्दाम घातल्या होत्या.

"देवाचे खोलींत व्हाणो? भायर काडात पयलीं!"

काढल्या. जमीन नुकतीच सारवलेली, गार आणि ओली. अनवाणी पायांना फार बरं वाटलं. टेस्टर होता, त्याने बटणाचे स्क्रू सैल केले (तो पेटलाही असेल, मी बघितलं नाही!) आणि वायर बोटांत धरली.

यानंतर मी उडालो. आधाराला हाताशी आली ती माटोळी! गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट. नारळ, सुपाऱ्यांचे घोस आणि दादाने रान तुडवून आणलेली फळं त्यावर बांधलेली. सगळा बाजार माझ्या अंगावर आला. एक नारळ तर नेम धरून पडला.

दादा धावत आला. "बाबल, जिवो आसा मरे?"

"फ्यूज माझ्या खिशात आहे!" मी सुपाऱ्यांखालून फ्यूज वर करून दाखवला.

"तो पंख्याचो! दिव्याची लायन म्हज्या मीटरार. वांटणी करतना पंखो म्हाकाच जाय म्हूण हट्ट कोणें धरिल्लो?"

मीच धरला होता. पण खिशात फ्यूज असताना माणसाला शॉक लागणं हा सरळसरळ अन्याय आहे, आणि हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे!

दादाने आपल्या मीटरचा फ्यूज काढला आणि पुटपुटत माटोळी पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी देव समईच्या उजेडात बसला आणि इतका सुंदर दिसला, की मी लगेच म्हटलं, "मला हेच करायचं होतं!" वहिनी फक्त हसली.

आजही चवथीला गणपतीच्या खोलीतलं वायरिंग माझ्याच हाती असतं. दोन्ही मीटरचे फ्यूज दोन खिशांत घालतो, देवासाठी वेगळ्या ठेवलेल्या नव्या रबरी चपला चढवतो, आणि हात पाठीमागे घट्ट बांधून वायरमनला सूचना देतो.