शंभरातली सतरावी

या, अशा जवळ येऊन बसा. आणि आधी थोडं बोलून घेते, रागावू नका. तुम्हा लोकांचं मला काही कळत नाही. डब्यावर, साडीवर, घड्याळावर कुणी 'लिमिटेड एडिशन' छापलं की तुमची मान लगेच डोलायला लागते. एकानं तरी विचारावं की बाबा रे, हे लिमिट घातलं कुणी? कुणी विचारत नाही. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात विचारणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. त्यांच्याइतका खरं बोलणारा आणि त्यापायी इतक्या घरांतून चहा न पिता उठलेला दुसरा माणूस तुम्हाला सापडायचा नाही.

भाऊजी राहतात डोंबिवलीला. अंगानं काडी, आवाज लाउडस्पीकरचा. आंबिवलीजवळच्या एका लहानशा कारखान्यात यंत्रांवर लावायच्या पितळी पाट्या कोरण्यात जन्म गेला. स्वतःची सायकलसुद्धा घेतली नाही. रिक्षात बसले तरी दांडा दोन्ही हातांनी धरतात. आणि या माणसाला वेड कसलं, तर जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांचं! त्यातही ज्यांच्याविषयी 'अशा मोजक्याच बनल्या' असं सांगतात त्यांचं. कल्याणच्या रद्दीवाल्यांकडून गाड्यांची इंग्रजी मासिकं आणायची, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची, आणि परदेशातल्या क्लबांना इमेल लिहायच्या. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर', शेवट 'युअर्स ओबिडियंटली'. आणि ते साहेब लोक उत्तरं पाठवतात हो! आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी वर्षभरात एका अर्जाला उत्तर देत नाही.

भाऊजींचे प्रश्न तीन. किती बनवल्या? हे सांगतं कोण? आणि तेवढ्यावरच का थांबले? "वहिनी," ते म्हणतात, "कमी बनवलेली गाडी वेगळी, कमी उरलेली वेगळी, आणि कुणी घेईना म्हणून बंद पडलेली तर साफच वेगळी. हे मालक लोक तिघींना एकच कुंकू लावतात." बुशशर्टाच्या खिशात बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांड्याचा आरसा. लग्न असो, बारसं असो, ही हत्यारं बरोबर.

डोंबिवलीला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. नवरदेव भाड्याच्या पिवळ्या स्पोर्ट्स गाडीतून आला. ड्रायव्हर आपला सहज बोलून गेला, "पूरे इंडिया में दो ही पीस हैं." झालं! भाऊजींनी बॉनेट उघडायला लावलं. बँड वाजतोय, मुहूर्त जवळ आलाय, नवरीची आई औक्षणाचं तबक धरून उभी, आणि हे आत आरसा घालून आकडा वाचताहेत.

"ओ काका, नवऱ्याला उतरू तरी द्या!" मुलीचा मामा ओरडला.

"उतरू दे की. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण दोनच म्हणतोय ना हा? एक मी कल्याणला पाहिलीय, एक पनवेलला, आणि ही तिसरी."

"अहो, मग असतील तीन!"

"तेच म्हणतोय मी!"

त्या दिवशी आमच्या पंगतीकडे जिलबी फिरकलीच नाही. मी काय केलं होतं, सांगा? पण दिराची वहिनी म्हणून माझीही जिलबी गेली.

माजिवड्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे तर कहर. एका लाल गाडीपुढे बोर्ड होता, 'पन्नासपैकी एक'. भाऊजींनी वर्तमानपत्र अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन उभी. खालून आवाज आला, "वहिनी, सांगा त्यांना, सांगाड्यावरचा नंबर साध्या मॉडेलचा आहे! चाकांवरचे पत्रे नंतर चढवलेत! रिव्हेटसुद्धा नवे!" मालक धावत आला. म्हणाला, "आजोबा, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"कुणाचं?"

"ज्यानं विकली त्याचं."

"म्हणजे आंबा गोड असल्याचा आंबेवाल्याचा दाखला!"

मग दोन वॉचमननी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. माझं डोकंच फिरलं. सत्तरीचा माणूस, त्याला पोत्यासारखं ओढता? मी त्या मालकाला असं काही बोलले की त्यानं बोर्डच पालथा घातला. आणि घरी येताना रिक्षात भाऊजींना बोलले ते वेगळं. ते दांडा धरून बसले होते. आमची कोपरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पण वहिनी, खरंच साधी होती हो."

माझ्या साडीलाही त्यांनी सोडलं नाही. मोठ्या हौसेनं घेतलेली, दुकानदारानं शपथेवर सांगितलेलं की अशा चारच विणल्यात. भाऊजींनी एकदा पदर पाहिला आणि म्हणाले, "काठ यंत्रावरचा आहे. यंत्र चारवर कशाला थांबेल?" मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला गेले तर समोर तशाच तिघी बसलेल्या. त्यांचं खरं निघालं याचा मला आणखीनच संताप आला.

पण एवढ्या सगळ्या गाड्यांत एका गाडीविषयी भाऊजींनी कधी अवाक्षर काढलं नाही. ती आमची. आमचे हे एका विलायती कंपनीच्या कारखान्यात फिटर. तिथला गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याची मोडकी गाडी यांनी हट्टानं घेतली, दोन वर्षं खपून चालती केली. दोन दारांची, गडद हिरवी, कापडी टपाची. कोपरीत बिल्डिंगच्या मागे पत्र्याची शेड घालून ठेवली. तिच्या डॅशबोर्डवर पितळी पाटी, इंग्रजीत कोरलेली: शंभरातली सतरावी. घरी पाहुणा आला की हे आधी त्याला शेडमध्ये नेत, मग पाणी विचारत. दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आणि पाटीला हळदकुंकू, हे माझ्याकडे. भाऊजी तेव्हा शेडच्या दाराशी उभे राहत, आत येत नसत. मला वाटायचं, थोरल्या भावाचा मान.

हे जाऊन तीन वर्षं झाली. आता आमची बिल्डिंग पाडून टॉवर होणार, सगळ्यांना जागा रिकामी करायची आहे. भाड्याच्या घरात मी मावेन, गाडी कशी मावणार? तर माजिवड्याचा एक गृहस्थ बघायला आला. तरणाताठा, हातात दोन फोन. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पाटीपाशी येऊन थांबला. "काकू, बस! हीच पाहिजे होती. शंभरातली सतरावी! बाकी काही बघायचंच नाही." भाऊजींना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. ते खरंच गप्प होते. पण त्या मेल्यानं स्वतःच विचारलं, "काका, सगळं ओरिजिनल ना?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी ओरिजिनल. पाटी नाही."

अंगाचा असा तिळपापड झाला माझ्या! "लाज वाटत नाही भाऊजी? माणूस गेल्यावर त्याला खोटं पाडता? जिवंतपणी का नाही बोललात?"

"दादा खोटं नाही बोलला, वहिनी," ते म्हणाले. तो लाउडस्पीकर कुठल्या कुठे गेला होता. "पाटी मी केली. डॅशबोर्डमधलं घड्याळ गेलं होतं, तिथे भोक राहिलेलं. दादा म्हणाला, झाकायला काहीतरी दे करून. गाडी सतरा तारखेला घरी आली म्हणून सतरा घातले. शंभर आपले मनानं. पहिलं वर्षभर दादा लोकांना सांगायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकवायचा. मग मिचकवायचा थांबला. आणि एक दिवस मलाच सांगायला लागला, 'माहितेय ना तुला, शंभरच बनवल्या.' कसं सांगू त्याला? केवढा खूश असायचा."

म्हणजे पस्तीस वर्षं मी दिरानं कोरलेल्या थापेला कुंकू लावत होते! मी काही बोलणार, तेवढ्यात तो माजिवड्याचा हसला. "अहो काका, मग सांगताय कशाला? पाटी राहू द्या. मी पुढे ज्याला देईन त्याला कुठे कळणारे?"

भाऊजींवरचा माझा सगळा राग तिथल्या तिथे त्याच्याकडे वळला. म्हटलं, "अरे, माझ्या नवऱ्यानं खरं मानून सांगितलं. तू खोटं माहीत असून सांगणार? भाऊजी, काढा ती पाटी. बिनपाटीची न्यायची तर ने." भाऊजींनी तीन स्क्रू काढले. चौथ्यापाशी पेचकस माझ्या हातात दिला, तो मीच काढला. त्या गृहस्थानं उघडं पडलेलं भोक पाहिलं, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत निघून गेला.

मी विचारलं, "मग खऱ्या किती बनवल्या होत्या?" त्यांना ठाऊक असणारच. "हजारो," म्हणाले. "अगदी साधी गाडी आहे, वहिनी." आणि मग त्यांनी दार उघडलं आणि आत जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, पुढच्या पत्र्याकडे बघत. मी शेजारी बसले. यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण भाऊजींना रडताना मी त्या दिवशीच पाहिलं.

पाटी माझ्याकडे आहे. कुठे ठेवलीय ते भाऊजींनाही सांगितलेलं नाही. गाडी अजून शेडमध्येच आहे. साधीच आहे, हजारोंतली एक. पण यांनी हातानं उभी केलेली आहे, आणि साधी म्हणूनच जो घेईल त्यालाच द्यायची आहे. भाऊजी रविवारी सकाळी येतात, तिला पुसून घेतात. तेव्हा या एकदा. चहा मी करीन, आणि तो संपेपर्यंत भाऊजींना गप्प बसवीन. पण लवकर या हं, शेडचे पत्रे पुढच्या महिन्यात उतरवणार आहेत.