हिरवं प्रेत

पिट्सबर्गजवळच्या पोलादाच्या गावात लोरेटा ह्रुस्का लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तरुणपणी ती एका भुताच्या सिनेमात चालतं प्रेत झाली होती. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक फासला होता, पण काळ्यापांढऱ्या पडद्यावर मेलेलं कोण नि शेजारचं कोण हेच कळेना, म्हणून लोकांची छाती दडपायची. वीस वर्षं दरवर्षी तिचा मित्र स्टॅश आपल्या थिएटरात तो सिनेमा लावून तिला मानानं बसवायचा.

यंदा पडद्यावर तिचं तोंड हिरवंगार उमटलं. लोक खदखदून हसले.

"स्टॅश, हे काय रे?"

"जुन्या सिनेमाला नव्यानं रंग भरलेली प्रत आहे. आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"म्हणून लपवलंस?"

लोरेटा कोट घालून निघाली. पुढच्या वर्षी स्टॅशकडून सिनेमाचा पास आला, तो तिनं परत धाडला.