नाव पुसलेल्या फाइली

अठरा नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. ही वेळ मी तक्रारअर्जाच्या कोपऱ्यात स्वतः टाकली होती, आणि त्या सकाळपासून अजून माझी सुटका झालेली नाही. निवृत्त अधिकाऱ्याने आठवणी लिहाव्यात असा रिवाज आहे. मी निवृत्त नाही. संगणकीय पुराव्यांवर संशोधन करण्यासाठी पोलीस सेवेचा राजीनामा देऊन पुण्यात आले. त्याआधी वाराणसीत मी उपनिरीक्षक होते, तिथल्या भाषेत दरोगा.

आमच्या ठाण्यात सकाळी हजेरी, मग रात्रीच्या गस्तीचा अहवाल, मग अर्ज असा क्रम असे. त्या दिवशी अर्ज घेऊन आले ते ब्रह्मा घाटाजवळ राहणारे, पन्नाशीचे मराठी गृहस्थ. घरात वेदपाठशाळा, वरच्या मजल्यावर यात्रेकरूंच्या खोल्या. माझ्या गणवेशावरचे आडनाव वाचून त्यांनी हिंदी सोडली.

“ताई, तुम्ही आपल्याच निघालात. चोरी झाली आहे. पण वस्तू जागेवरच आहे, असं आहे.”

त्यांचे काका घनपाठी, म्हणजे वेदपठणाच्या सर्वांत अवघड रीतीत तयार झालेले होते. त्यांनी स्वतःचे वेदपठण कित्येक वर्षे घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. बाहेर ऐकवायचे नाही, ही सक्त ताकीद. वेद गुरूच्या मुखातून घ्यायचा, फोनवरून नव्हे. दसऱ्यानंतर काकांनी संन्यास घेतला आणि ते संकठा घाटाजवळच्या मठात गेले. आणि आता दशाश्वमेध घाटावर एका अनोळखी यात्रेकरूच्या मोबाइलमधून या पुतण्याने काकांचाच आवाज ऐकला होता.

“संशय कोणावर?”

“काकांचा शिष्य. बीडकडचा आहे. संगणक ते दोघंच वापरायचे. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही कबुली घ्या, नाहीतर मी त्याचं सामान गल्लीत ठेवतो.”

शिष्य बावीस वर्षांचा होता. सात वर्षांचे अध्ययन झाले होते, अंतिम परीक्षा राहिली होती. पाठशाळेतून काढले तर दुसरीकडे कोणी घेणार नाही, हे त्याला माहीत होते. मी त्याला समोर बसवले, पाणी दिले आणि विचारले.

“फाइली तू बाहेर दिल्यास?”

“नाही.”

“संगणकावर काकांचं खातं आता नाही, असं कळलं. ते कोणी काढलं?”

“मी.”

उत्तर इतके सरळ आले की माझे पेन थांबले. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो; पूर्वाश्रमीचे नाव त्यानंतर घरात उरत नाही. पुतण्याने दारावरची पाटी काढली, वीजबिलावरचे नाव बदलले आणि संगणकावरचे नावही पुसायला शिष्याला सांगितले. त्याने खाते काढले, फाइली ठेवल्या.

“फाइली का ठेवल्यास?”

“नाव पुसायला सांगितलं होतं. आवाज पुसायला कोणी सांगितलं नव्हतं.”

“मग तूच सांग, त्या बाहेर कशा गेल्या?”

तो रडू लागला. खोटे बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो. हा तपशील गिळत होता. दारात उभे असलेले आमचे गाजीपूरचे हवालदार हळूच म्हणाले, “मॅडम, चोर होता तो अब तक दो कहानी सुना चुका होता.”

अनुभवी माणसाचा अंदाज मी ऐकून घेते, पण अंदाजाचा पंचनामा होत नाही. मी ब्रह्मा घाटावर गेले. मूळ डिस्कला हात न लावता तिची हुबेहूब प्रत काढली आणि प्रतीवर फाइलींची यादी उघडली. यंत्रणा लिनक्स होती. तिथे प्रत्येक फाइलला मालक असतो, आणि काकांनी आपले पठण फक्त मालकालाच उघडता येईल असे बंद केले होते. मालकाच्या रकान्यात मला काकांचे नाव अपेक्षित नव्हते. ते तर पुसले होते. पण तिथे दुसरेच नाव होते: एका सॉफ्टवेअरचे.

कोणीतरी मुद्दाम मालकी बदलली, हा माझा पहिला निष्कर्ष. तो चुकला. नोंदी तपासल्या; मालकी कोणीही बदलली नव्हती. यंत्रणा मालकाचे नाव जपत नाही, ती फक्त क्रमांक जपते. नाव ही त्यावरची चिठ्ठी. खाते काढल्यावर चिठ्ठी गेली, क्रमांक फाइलींवर तसाच राहिला. पुढच्याच आठवड्यात गाणी-चित्रफिती घरभर ऐकवणारे एक सॉफ्टवेअर बसवले गेले. अशा सॉफ्टवेअरला स्वतःचे खाते लागते, आणि ते माणसांच्या क्रमांकांपासून दूर ठेवायचे असते. त्याच्या पॅकेजात, म्हणजे बसवण्याच्या संचात, ही काळजी घेतलेली नव्हती. त्याने रिकामा पडलेला क्रमांक उचलला, आणि काकांच्या सगळ्या फाइली त्या क्षणी त्याच्या झाल्या. घराच्या वायफायवर जो येईल त्याला ते त्या ऐकवू लागले, मोबाइलवर उतरवूनही देऊ लागले; तशाच उतरवलेल्या फाइली दशाश्वमेधापर्यंत पोचल्या होत्या.

“हे सॉफ्टवेअर कोणी बसवलं?” मी विचारले.

पुतण्याचा चेहरा उतरला. “मीच. वरच्या यात्रेकरूंना खोलीत आरती दिसावी म्हणून. बसवताना अख्खी डिस्क दाखवू का, असं त्या सॉफ्टवेअरनं विचारलं. मी हो म्हटलं.”

म्हणजे चोर नव्हता. पण शिष्याने काय गिळले होते, हा प्रश्न उरला होता. मी पुन्हा विचारले तेव्हा त्याने पुतण्याकडे न बघता सांगितले, “मला कळलं होतं, दादा. यात्रेकरूंच्या वायफायवर गुरुजींचा आवाज येतो, हे पहिल्याच दिवशी कळलं. मी रोज ऐकत होतो. बोललो असतो तर तुम्ही बंद केलं असतं.”

पुतण्या म्हणाला, “माझ्या खोलीत येऊन सांगायचं होतंस की रे. मला काय आठवण येत नाही?”

त्याने अर्ज मागे घेतला. तरीही काम संपले नव्हते: फाइली सॉफ्टवेअरच्या ताब्यातून काढायच्या, तर मालक कोणाला करायचे? आम्ही तिघे मठात गेलो. स्वामीजी ओसरीवर बसले होते. पुतण्याने सवयीने “काका” म्हटले आणि जीभ चावली.

मी सगळे समजावले. ते हसले. “नाव गेलं आणि आकडा राहिला म्हणता? तोही काढून टाका. माझं काही नाही.”

“मग त्या पुसू का?” मी विचारले.

शिष्य दाराशी उभा होता, त्याच्याकडे न पाहताच स्वामीजींनी विचारले, “ऋग्वेदाच्या तिसऱ्या अष्टकात अजून अडखळतो का तो?”

“अडखळतो,” शिष्य म्हणाला.

“मग त्याला ऐकावं लागेल,” स्वामीजी म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. ती भेट तेवढीच.

या प्रकरणाने मला शिकवले की एखाद्याचे नाव काढले म्हणजे त्याने मागे ठेवलेले सगळे निकाली निघाले, असे समजू नये. ते कोणाकडे जाणार, हे आधी ठरवावे. नाहीतर जो पहिला येईल तो उचलतो. तांत्रिक अहवालात मी हेच लिहिले. अहवालात न लिहिलेले असे, की परतताना गल्लीत एका म्हाताऱ्या बाईंनी मला “बिटिया, जेवलीस का ग?” असे विचारले होते. पुण्यात चहूकडे मराठी आहे. त्या अर्ध्या हिंदी मराठीत मला कोणी जेवणाचे विचारत नाही, आणि मी ती बोली संध्याकाळी उगाच कानांनी शोधत राहते.

मठातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुतण्याच्या परवानगीने मूळ संगणक उघडला. फाइलींचा मालक पुतण्या. त्यांच्यासाठी एक गट बनवला. त्यात एकच माणूस, शिष्य. परवानगी तीन आकड्यांत लिहितात: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी जगाचा. सहा म्हणजे उघडणे आणि बदलणे, चार म्हणजे फक्त उघडणे, शून्य म्हणजे काहीही नाही. शिष्य मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. “ऐकू येईल ना, ताई?” त्याने विचारले. मी आकडा टाकला आणि पंचनाम्यात उतरवला.

६४०.